चांद्याला गेलेला माणूस

१ फेब्रुवारी १८१७ रोजी नागपूरच्या राजवाड्यात परसोजी भोसले अंथरुणात मेलेले सापडले. प्रकृतीनं अधू, नजर गेलेली. वडील दुसरे रघूजी मार्च १८१६ मध्ये वारल्यावर त्यांना गादीवर बसवलं होतं, पण राज्य चालवण्याच्या स्थितीत ते कधीच नव्हते. कारभार पाहत होते चुलतभाऊ मुधोजी, म्हणजे इतिहासातले अप्पासाहेब. परसोजींच्या मागे गादी त्यांच्याकडेच येणार होती. आणि परसोजी गेले तेव्हा अप्पासाहेब नागपुरात नव्हते. काही दिवस आधीच ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, निघून गेले होते.

परसोजींचा गळा दाबला गेला होता, हे पुढे बाहेर आलं. पण माझं लक्ष खुनापेक्षा त्या चांद्याच्या प्रवासाकडे जातं. गादी हवी, पण गादी मिळते त्या रात्री आपण तिथे असता कामा नये, असं त्या माणसाला वाटलं. महत्त्वाकांक्षेनं माणसाची नीती कशी सडते, याबद्दल नाटक-सिनेमावाल्यांनी जे काही दाखवलं आहे त्यातला सर्वांत मराठी भाग मला या प्रवासात दिसतो. शेक्सपिअरचा माणूस खंजीर घेऊन स्वतः खोलीत शिरतो. आपला माणूस नामानिराळा राहतो.

मी हे तिरोडीहून लिहितो आहे. तिरोडी, कटंगी, लांजी हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. आमचा बालाघाट नावाचा जिल्हा इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून केला. आजही गाव मध्य प्रदेशात असलं तरी इथली जुनी रेल्वेलाइन महाराष्ट्रात तुमसरला जाऊन मिळते, आणि नाटकाची हवाही तिकडूनच येते. बावनथडी ओलांडली की भंडारा-गोंदियाची झाडीपट्टी सुरू होते. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, दंडार हे लोकनाट्य होतं, रात्रभर नाटक चालतं. शंकरपटाच्या गावी तर दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. वडसा हे इकडच्या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या बऱ्याच लोकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. इकडच्या नाटकात खलनायक खराखुरा खलनायक असतो. मिशीला पीळ देत येतो, जमीन बळकावतो, आणि प्रेक्षक त्याला मोकळेपणानं शिव्या घालतात. त्याला चांद्याला जायची गरज पडत नाही. म्हणूनच तो भीतीदायक वाटत नसावा.

आता मॅक्बेथ. १६०६ च्या आसपास लिहिलेल्या या नाटकातला सेनापती मुळात शूर आहे, राजाचा लाडका आहे. तीन चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होणार. खून कर, असं त्यांतली एकही म्हणत नाही. राजा डंकन त्याच्याच घरी पाहुणा म्हणून येतो आणि त्याच रात्री मारला जातो. पण त्याआधी मॅक्बेथ एकटा उभा राहून खून का करू नये याची सगळी कारणं स्वतःलाच सांगतो. हा माझा नातलग, हा माझा राजा, आज माझ्या छपराखाली झोपलेला पाहुणा, आणि त्यातून माणूस सज्जन. खुनाच्या बाजूनं पारड्यात टाकायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची हाव, आणि ती काही युक्तिवाद करत नाही. नीती माहीत नसलेला माणूस शोकांतिकेच्या कामाचा नाही. तो फौजदारी बातमीचा विषय. शोकांतिकेला सगळं कळणारा माणूस लागतो.

मॅक्बेथ डंकनला स्वतःच्या हातानं मारतो आणि त्या क्षणापासून त्याची झोप जाते. रक्त त्याला हातावर दिसत राहतं. त्याच्या बायकोला आधी वाटतं की थोड्या पाण्यानं भागेल. पुढे तीच झोपेत चालत हात धूत राहते. आमच्या तिरोडीत मॅंगनीजची खाण १९०२ पासून चालू आहे. त्या काळ्या खनिजाचे काही प्रकार नुसते हाताळले तरी बोटं काळी होतात, आणि ज्या विलायती कंपनीनं इथं खाणी काढल्या तिच्या भागधारकांची बोटं कधी काळी झाली नसणार. मॅक्बेथला हा फरक फार लवकर समजतो. आपला सोबती सेनापती बँको याला मारायला तो भाडोत्री मारेकरी पाठवतो. विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराची बायको आणि मुलं मारली जातात तेव्हा तर तो तिथे फिरकतही नाही. पहिल्या खुनाआधी त्याला केवढं मोठं स्वगत लागलं होतं, आणि शेवटच्या हत्याकांडाला दोन-चार वाक्यं पुरतात. बाकीचं नाटक म्हणजे खंजीर हातातून सोडून हुकूम हातात घेणाऱ्या माणसाची हकीकत आहे. माझ्या दृष्टीनं त्याची खरी घसरण तीच.

मराठी रंगभूमीनं मॅक्बेथ लवकर उचलला. शिवराम महादेव परांजप्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं ‘मानाजीराव’ केलं, १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ केलं. पण आपल्याकडचा अस्सल मॅक्बेथ रूपांतरात सापडत नाही. तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त आहे, आणि त्याचं नाव राघोबा.

राघोबा, म्हणजे रघुनाथराव, कच्चा माणूस नव्हता. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या त्याच्या मोहिमेत. पेशवाई मात्र बरीच वर्षं त्याच्या वाट्याला आली नाही. आधी थोरला भाऊ पेशवा झाला, मग पुतण्या माधवराव, मग धाकटा पुतण्या नारायणराव, आणि काका शनिवारवाड्यातच नजरकैदेत. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणेशोत्सवात, पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकाच्या महालात शिरला, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि तिथेच कापला गेला. वय सतरा-अठरा. राघोबानं दिलेला हुकूम म्हणे ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईनं ‘ध’चा ‘मा’ केला. हे खरोखर घडलं का, यावर इतिहासकारांनी भरपूर शाई खर्च केली आहे. मला त्या दंतकथेची उपयुक्तता जास्त महत्त्वाची वाटते. राघोबा अप्पासाहेबांसारखा गावाबाहेर नव्हता. पुतण्याचे हात त्याच्या अंगावर होते. तरीही दंतकथा त्याला लांब नेऊन ठेवते. कागदावरच्या एका अक्षराइतकं लांब. कोणी दुरुस्ती केली, कोणी वाचली, कोणी तलवार चालवली, या सगळ्यांमध्ये अपराध इतका पातळ होत जातो की मूळ इच्छा ज्याची, त्याच्याकडे फारसा उरतच नाही.

आणि आनंदीबाई. बायकोनं भरीस घातलं म्हणून नवरा बिघडला, ही सोय शेक्सपिअरनं केली आणि आपण ती आनंदानं घेतली. पेशवाईची हाव धरून अनेक वर्षं भांडत आलेला मर्द गडी एकदम बायकोच्या ताटाखालचं मांजर होतो, हे नाटकात रंगतं, पण इतिहास म्हणून मला पटत नाही. दुर्गा खोटे यांनी ‘राजमुकुट’मधली राणीही रंगवली आणि ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाईही. एकाच नटीला दोन्हीकडे शोभावं इतकी ही भूमिका ठरून गेलेली.

खाडिलकरांना मात्र हातांचा हा हिशेब नेमका कळला होता. नाटकाचा कस खुनाच्या प्रवेशात लागत नाही. रामशास्त्री प्रभुणे दरबारात उभे राहतात तिथे लागतो. न्यायाधीश म्हणून त्यांनी चौकशी केली आणि राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही परंपरा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. रामशास्त्र्यांपुढे अक्षरांचा खेळ चालत नाही. गारद्याची तलवार, नारायणरावाला धरणाऱ्या तुळाजी पवाराचे हात, खाडाखोड केलेला कागद, हे सगळं बाजूला सारून ते दोष गादीवर बसलेल्या माणसाच्या पदरात घालतात, आणि तो गादीवर असेपर्यंत पुण्यात पाऊल न ठेवण्याचं ठरवून निघून जातात. १९०९ मध्ये हे नाटक पाहणाऱ्यांना त्यात आणखी काही दिसत असणार. दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटली होती, टिळक मंडालेत होते, आणि नाटककार ‘केसरी’तला होता. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९१० मध्ये सरकारनं बंद पाडलं, ‘भाऊबंदकी’ वाचली.

हात लांब असला की मन निर्ढावतं, हे नाटककारांनी ओळखलं होतं. प्रयोगशाळेत ते तपासलं स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, १९६१ पासून. सामान्य माणसांना बोलावून सांगितलं जाई की पलीकडच्या खोलीतल्या माणसानं उत्तर चुकवलं की विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला तो वाढवत न्यायचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. मुख्य प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या, सर्वांत तीव्र बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळीकडे छापला जातो. त्याच मालिकेतले दुसरे दोन आकडे आपल्या कामाचे आहेत. समोरच्याचा हात स्वतः धरून पट्टीवर दाबायचा असं सांगितलं तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी १२ राहिले. आणि बटण दुसऱ्यानं दाबायचं, आपण नुसती शेजारची किरकोळ कामं करायची, असं केलं तेव्हा ते ३७ झाले. मिलग्रॅमच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, तेही वाजवी होते. पण १२ ते ३७ हे अंतर पाहिलं की अप्पासाहेबांनी चांद्याची वाट का धरली ते समजतं.

अप्पासाहेबांचं पुढे काय झालं? त्यांनी मे १८१६ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता, आपली कारभारातली जागा पक्की करायला. राघोबानं खुनानंतर दीड वर्षानं, मार्च १७७५ मध्ये, सुरतेला कंपनीशी तह केला. अप्पासाहेबांनी तो आधीच करून ठेवला. पिढीगणिक हुशारी वाढते म्हणायची. परसोजी मेले, अप्पासाहेब राजे झाले, आणि कंपनीच्या रेसिडेंटनं, रिचर्ड जेंकिन्सनं, त्या वेळी फार खोदून विचारलं नाही. मग नोव्हेंबरात अप्पासाहेब कंपनीवरच उलटले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, ती ते हरले. १८१८ मध्ये त्यांना पदच्युत करून कैदेत घालायची वेळ आली तेव्हा परसोजींच्या खुनाचा आरोप कंपनीच्या दप्तरात ठळक झाला. गळा वर्षभरापूर्वी दाबला गेला होता. कंपनीला तो दिसायला राजा गैरसोयीचा व्हावा लागला. खून झालाच नव्हता असं मी म्हणत नाही. पण महत्त्वाकांक्षी माणसाची गोष्ट कोण सांगतो आणि कधी सांगतो, याचाही हिशेब ठेवावा लागतो. शेक्सपिअरनं ज्या बखरीवरून मॅक्बेथ घेतला त्या होलिनशेडच्या बखरीत बँको हा कटातला साथीदार आहे. नाटकात तो निर्मळ झाला. कारण उघड आहे. इंग्लंडच्या गादीवर नुकताच आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज म्हणवत होता. खरा मॅक्बेथ तर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडवर राज्य करून गेला.

अप्पासाहेबांना अलाहाबादेकडे नेत असताना पहारेकरी फितवून ते पळाले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानं राहिले, पुढे पंजाबात गेले आणि शेवटी १८४० मध्ये जोधपुरात वारले. पराभवानंतरची ही भटकंती वाचताना त्यांच्याबद्दल कणव वाटते, आणि इंग्रजांशी लढलेला राजा म्हणून इकडे आदरही आहे. त्यात मला विसंगती दिसत नाही. मॅक्बेथही शेवटच्या अंकात पुन्हा शूर होतो. शौर्य आणि नीती या दोन गोष्टी एकाच माणसात शेजारी राहतात, बोलतीलच असं नाही.

आतापर्यंत आपण हुकूम देणाऱ्याकडे पाहिलं. हाताच्या बाजूनं ही गोष्ट सांगितली ती विजय तेंडुलकरांनी. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाना फडणविसाच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. घाशीराम हा पोट भरायला पुण्यात आलेला परका कनोजी ब्राह्मण. चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, अपमानित होऊन शहराबाहेर काढला जातो. सूड म्हणून तो पुण्याचा कोतवाल व्हायचं ठरवतो, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःची मुलगी गौरी नानाला देतो. इथे महत्त्वाकांक्षा भुकेतून आणि अपमानातून उगवलेली आहे, त्यामुळे प्रेक्षक काही काळ त्याच्या बाजूचा असतो. मग तो छळ सुरू करतो. गौरी मरते, तो नानासमोर तडकून उभा राहतो, आणि नाना त्याला गोड बोलून शांत करतो. मला हा नाटकातला सर्वांत भयंकर प्रसंग वाटतो. मेलेल्या मुलीचा बाप अजूनही कोतवाल राहायला तयार आहे. त्यानंतरचं त्याचं क्रौर्य मोजमापाच्या पलीकडे जातं, कारण आता त्याच्याकडे विकायला काही उरलेलं नाही.

खरा घाशीराम १७९१ च्या ऑगस्टात मेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मेले, पुणं खवळलं, नानानं त्याला जमावाच्या हवाली केलं आणि तो दगडांनी ठेचला गेला. तेंडुलकरांच्या नाटकात त्याला मारण्याच्या कागदावर नाना शांतपणे सही करतो. ज्या हातानं कोतवाल केला त्याच हातानं. नंतर लोकांना उत्सव करायला सांगून मोकळा. नाना शेवटपर्यंत चांद्यालाच असतो, पुण्यात राहून.

या नाटकाची आणखी एक करामत म्हणजे माणसांचा पडदा. ब्राह्मणांची रांग रंगमंचावर उभी असते. ती डोलते, गाते, पाठ फिरवते की मागे काहीतरी घडतं, आणि तोंड वळवते तेव्हा ते उरकलेलं असतं. नेपथ्य म्हणून ते सुंदरच आहे. पण पाठ फिरवणारी माणसं नसतील तर नाना आणि घाशीराम दोघांचंही काम अडेल, हेही त्यातच आलं. नाटकावर ब्राह्मणविरोधी आणि इतिहासाचा विपर्यास म्हणून मोठा गदारोळ झाला, प्रयोग थांबले, पुढे थिएटर अकॅडमी या नव्या संस्थेनं ते पुन्हा उभं केलं. रांगेवर चिडलेल्यांना पडद्याचा अर्थ नीट कळला असावा, असं मला वाटतं.

पडद्यावर आल्यावर ही गोष्ट आणखी थंड झाली. अकिरा कुरोसावानं १९५७ मध्ये मॅक्बेथ जपानात नेला तेव्हा सरदाराच्या खुनाच्या वेळी कॅमेरा खुन्याबरोबर आत गेलाच नाही, बाहेर वाट पाहणाऱ्या बायकोपाशी थांबला. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्ये (२००३) चेटकिणींच्या जागी दोन पोलीस इन्स्पेक्टर आले, पत्रिका मांडणारे. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. नियती म्हणजे टोळ्यांमधला समतोल राखणारं खातं, ही कल्पना मुंबईतच सुचू शकते.

मराठीत मात्र तेंडुलकर आणि जब्बार पटेल हीच जोडी पुढे सरकली. ‘सामना’त निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहे, आणि श्रीराम लागूंचा दारुड्या मास्तर त्याला मारुती कांबळे या बेपत्ता माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहतो. इथे खून प्रेक्षकांच्या डोळ्यांआड, फार पूर्वीच होऊन गेलेला आहे. उरला आहे तो नुसता प्रश्न. हिंदुराव वाईट आहे, पण कारखाना, शाळा, पाणी हे सगळं त्यानंच गावात आणलेलं आहे, आणि तो हे सतत ऐकवतो. राघोबाकडे असा बचाव नव्हता. विकासाच्या नावाचा बचाव हा अगदी आपल्या काळातला.

‘सिंहासन’ (१९७९) तर खुनाचीही तसदी घेत नाही. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी कामगार पुढारी डिकास्टा. गादीसाठी एकमेकांचे पाय ओढणं चाललेलं आहे, पण फोनवरून, बैठकीत, गाडीत. रक्ताचा थेंब सांडायची वेळच येत नाही, त्यामुळे कोणाची झोपही जात नाही. मुख्यमंत्र्यांना हृदयविकार असला तरी सदसद्विवेकाचा त्रास नाही. शोकांतिकेच्या जुन्या हिशेबानं पाहिलं तर इथे शोकांतिका कोणाचीच होऊ नये.

ती होते दिगू टिपणीसची. निळू फुले या खेपेला पत्रकार. सगळ्यांच्या खेळ्या, सौदे, फोन त्याला माहीत असतात आणि तो कुठेच हस्तक्षेप करत नाही, बातमी तेवढी आणतो. लेडी मॅक्बेथच्या वाट्याला जे वेड आलं ते इथे त्याच्या वाट्याला येतं. शेवटी तो रस्त्यावर हसत सुटतो आणि थांबत नाही. ज्यानं कोणालाही मारलं नाही, कशावरही सही केली नाही, कोणतीही गादी मागितली नाही, असा तो एकटाच. चित्रपटाची गोष्ट लिहिणारे साधू आणि पटकथा लिहिणारे तेंडुलकर, दोघांनीही वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या होत्या.